सांडपाण्यावरील शेवाळ आणि जळाऊ वायू

खारेपाटणसारख्या गावी न्हाणीचे व मोरीचे पाणी परसात सोडलेले असते, आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवी साय धरते. मुले तिला घाण म्हणतात. वस्तुतः तेथे दोन प्रकारच्या जीवांची देवघेव चालू असते. जंतू पाण्यातील अन्नकण कुजवितात. त्यातून कर्बवायू, नत्र व स्फुरद मोकळे होतात. शेवाळ सूर्यप्रकाशात त्यांवर वाढते व प्राणवायू सोडते, आणि तोच जंतूंना उपयोगी पडतो. उथळ, उन्हातील डबक्याला खोल व सावलीतील डबक्याइतकी दुर्गंधी येत नाही, ती यामुळेच.

हेच शेवाळ हवाबंद कुंडीत कुजविल्यास मिथेन हा जळाऊ वायू मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ऑस्वाल्ड, गोलूएक प्रभृतींनी १९५७ च्या सुमारास असे प्रयोग प्रसिद्ध केले. मैल्यापासून वायू काढणे मात्र आपल्याकडे त्याहून जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली असा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. खारेपाटण ज्या तालुक्यात आहे त्या कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापून मैल्याचे खत करण्याचे काम चालविले. जे लोक टाकाऊ व अस्पृश्य मानीत, त्याला त्यांनी हात घातला.

शेवाळाचा मार्ग मात्र सोपा नाही. एक लिटर पाण्यात सुके शेवाळ बहुधा एक ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे ते गोळा करणेच खर्चाचे होते. त्यात नत्र फार असल्याने कुंडीत अमोनिया वाढून वायू मंदावतो. म्हणून त्यात गवत किंवा पेंढ्याचा भुसा मिसळावा लागतो. शिवाय कोकणात आषाढ-श्रावणात ऊन कोठून आणावे? घरगुती चुलीसाठी शेणाचा गोबरगॅसच आज अधिक भरवशाचा.

वर्गात हा विषय दोन बरण्यांत दाखविता येतो. दोन्हींत भांडी धुतलेले पाणी व चमचाभर हिरवे पाणी घालावे. एक उन्हात, दुसरी कपाटात ठेवावी. झाकण सैल असावे. दहा-पंधरा दिवसांत रंग व वास यांतील फरक मुलांनी स्वतः टिपावा. शौचाचे पाणी वापरू नये, हात साबणाने धुवावेत. पुढे शेवाळ व शेणकाला अरुंद तोंडाच्या बाटलीत घालून तोंडाला फुगा बांधावा. फुगा फुगेल, पण त्यातील वायू पेटवून पाहू नये.

एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे. पाणी हिरवे झाले, वास गेला, म्हणजे रोगजंतू गेले असे नव्हे. जांभा खडक सच्छिद्र असतो व त्यातून सांडपाणी लवकर झिरपते. म्हणून पाठानंतर मुलांना घेऊन वाडीतील डबकी व विहिरी यांचा नकाशा काढावा, आणि उतार कोणत्या दिशेस आहे ते बाणाने दाखवावे.