बियाण्याचे धान

मूल तालुक्यातील धानकऱ्याच्या घरी मृगाच्या तोंडाशी दोन प्रकारचे धान असते. खाण्याचे धान तोवर तळाला गेलेले असते. बियाण्याचे धान मात्र निराळ्या कणगीत, तोंड शेणामातीने लिंपून, जसेच्या तसे राखलेले असते. पीक बरे आलेल्या वर्षी या दुसऱ्या कणगीची कोणास आठवणही होत नाही. परंतु वर्ष बुडाले, मोहफुले उकडून दिवस काढण्याची पाळी आली, म्हणजे ती कणगी साऱ्या घराची परीक्षा पाहू लागते. ती फोडावी तर काही दिवस पोटभर भात मिळेल. परंतु पुढे बांधीत टाकावयास मूठभर दाणाही उरणार नाही. स्तोत्रसंहितेतील १२६ वे स्तोत्र शिकविताना आम्ही प्रथम ही कणगी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभी करतो.

हे स्तोत्र अवघ्या ६ वचनांचे आहे. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांची आठवण त्यात आहे, आणि शेवटी बियाणे घेऊन शेताकडे निघालेला एक मनुष्य आहे. तो रडत चालला आहे. आमचे बहुतेक उपदेशक या ठिकाणी फार वेळ थांबत नाहीत. त्यांना पेंढ्या बांधून हर्षाने परतणाऱ्या मनुष्याकडे जाण्याची घाई असते. परंतु पेरणारा का रडतो, हे विचारल्यावाचून स्तोत्राचा अर्थ लागत नाही. खांद्यावरचे दाणे म्हणजे घरच्या लेकरांच्या तोंडचा घास आहे, आणि तो मातीत टाकावयाचा आहे, म्हणून तो रडतो. येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, रडणे थांबल्यावर तो पेरावयास निघालेला नाही. डोळे पुशीत बसला असता तर पेरणीचा वाफसा निघून गेला असता. ख्रिस्ती आशा म्हणजे सदैव प्रसन्न मुद्रा, असा एक समज आमच्या मंडळ्यांत रूढ झाला आहे; या स्तोत्रात त्याला आधार नाही.

हा विषय आम्ही या अंकासाठी घेतला, त्यास कारण आहे. मूल, सिंदेवाही, सावली या भागांत मोह वेचावयास, तेंदूपाने तोडावयास वा गुरे चारावयास रानात गेलेले माणूस वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकते, ही वार्ता आता नवी राहिलेली नाही. अशाच एका घरातील मुलाने आम्हांस विचारले, “गुरुजी, आमच्या घरी रोज प्रार्थना होत असे. मग आमचाच विश्वास कमी पडला काय?” हा प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा नव्हता. सांत्वनास आलेल्या कोणा भल्या माणसाने तो त्याच्या मनात ठेवून दिला होता.

या प्रश्नाचे उत्तर प्रभूने स्वतः देऊन ठेविले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभूने त्याचे साफ ‘नाही’ असे उत्तर दिले. जन्मांधाविषयी शिष्यांनी असाच हिशेब मांडला, तेव्हाही त्याने तो मोडून काढला. ईयोबाचे तीन मित्र आले, ते ७ दिवस व ७ रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसून राहिले. तेवढे दिवस ते उत्तम मित्र होते. पुढे ते बोलू लागले, आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा क्रोध तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या शहाण्यांवर झाला. दुःखिताच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने हा ग्रंथ एकदा शेवटपर्यंत वाचून मग उंबरठा ओलांडावा.

तक्रार हाच शब्द घेऊ. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देव दूर का गेला, किती काळ तो विसरणार, असे त्यांत उघड विचारलेले आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी एकही सुखाचा शब्द नाही, आणि तरी ते मंदिरातील गायनांच्या संग्रहात राहू दिले गेले. वधस्तंभावर प्रभूच्या मुखी २२ व्या स्तोत्राचा आरंभ आला, तोही प्रश्नच होय. यावरून आम्ही असे समजतो की, देवाजवळ गाऱ्हाणे करणारा मनुष्य देवास सोडून गेलेला नसतो. ज्याला सोडले, त्याच्याकडे कोणी फिर्याद नेत नाही.

आता गाऱ्हाण्याच्या पुढची पायरी पाहू. यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात एका खरेदीखताची हकीकत आहे. सिद्कीया राजाचे १० वे वर्ष. यरुशलेमेला खास्दी सैन्याचा वेढा पडलेला. आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथील शेत विकावयास येतो. ते शेत तेव्हा शत्रूच्या हाती होते. बाजारात त्याला कवडीही आली नसती. यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बसविले, खतावर मोहर केली, आणि ते बारूखाकरवी मातीच्या भांड्यात ठेवविले, अशासाठी की ते पुष्कळ दिवस टिकावे. पुढे त्याने प्रार्थना केली, आणि तीत तो देवास जणू म्हणतो की, नगर तर पडत आहे, मग हे शेत मला का घ्यावयास लाविले? म्हणजे व्यवहार आधी झाला आणि समजूत नंतर मागितली. आमच्या विद्यार्थ्यांस हा क्रम उलटा वाटतो. परंतु संशय पुरता फिटेपर्यंत हात बांधून बसणारास शेत कधीच मिळत नसते.

असे शेत महाराष्ट्रातही घेतले गेले आहे, आणि त्याचा संबंध आमच्या प्रांताशी आहे. १८९६ साली मध्यप्रांतात पाऊस वेळेआधी थांबला व धान करपले. १८९९ साली तो फारच अपुरा झाला. गडचिरोलीसह तेव्हाच्या चांदा जिल्ह्याची वस्ती १८९१ साली सुमारे ७ लक्ष होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत सुमारे ६ लक्ष भरली. यापूर्वीच काही वर्षे पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे माळजमीन घेऊन विहिरी खणविल्या व फळझाडे लाविली होती. बागेच्या उत्पन्नातून शारदासदनाच्या विधवांचा खर्च चालावा, एवढाच तेव्हाचा हेतू. १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा रमाबाई स्वतः मध्यप्रांतात आल्या, आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयास नेल्या. पुण्यात प्लेगामुळे इतक्या जणी ठेवता येईनात. तेव्हा त्या साऱ्यांस केडगावच्या त्या शेतावर नेऊन झोपड्या उभारल्या. मुक्तिसदन ते हेच. बागेसाठी घेतलेली जमीन कशासाठी घेतली जात आहे, हे घेताना रमाबाईंस ठाऊक नव्हते.

दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण अन्नावाचून गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले, तेव्हा कन्या मनोरमा एका वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर देशात निंदा झाली; पुढे शारदासदनातील मुलींनी ख्रिस्ती धर्म घेतल्यावरून पुण्यात ओरड झाली, तेव्हा अनेक साहाय्यकर्ते सोडून गेले. विश्वास धरला म्हणून संकटे टळली, असे या चरित्रात कोठेही दिसत नाही. दिसते ते इतकेच की, दुष्काळातून वाचलेल्या एका मुलीने पुढल्या दुष्काळात आपल्या कणगीचे तोंड दुसऱ्यांसाठी उघडले. आणि घोडाझरी व आसोलामेंढा हे आमच्या बाजूचे मोठे तलावही त्या दुष्काळांनंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच बांधले गेले, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते. उपास काढलेल्या पिढीनेच त्यांच्या पाळीवर माती वाहिली असेल.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात क्रम लाविला आहे: आधी संकट, मग धीर, मग कसोटीस उतरणे, आणि शेवटी आशा. आशा शेवटी आहे, आरंभी नाही. संकटाच्या पहिल्याच दिवशी ती एखाद्याच्या ठायी दिसली नाही तर त्यास दोष देऊ नये. तिचे पीक दीर्घ मुदतीचे आहे.

आणि ज्याच्याने पेरवतही नाही, त्याचे काय? रोवणी एकट्याने होत नाही, हे आमच्या मुलांस सांगावे लागत नाही. चिखलात रांग धरून, वाकून, दहा-वीस हात एका बांधीत चालतात. एखादीचे घर सुतकात असले तर तिची बांधी शेजारणी लावून देतात. मार्ककृत शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायात पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणिले व छप्पर उकलून खाली सोडिले. तेथे प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे लिहिले आहे. त्या रोग्याने तोंडातून एक शब्द काढल्याचेही लिहिलेले नाही. ज्याला प्रार्थना सुचत नाही त्याच्या घरी जाऊन, त्याने काही म्हणावे अशी अपेक्षा न धरता, त्याच्या वतीने म्हणणे हे मंडळीचे काम आहे. २०२० व २०२१ च्या महामारीत देवळे बंद होती, तेव्हा अनेक घरांतून हे काम दूरध्वनीवरून होत होते, आणि पुष्कळजण त्यावर तगून राहिले.

रमाबाईंचा शेवटचा उद्योग संपूर्ण पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचा होता. त्यांना ऐकू कमी येत असे, वय साठीच्या पलीकडे गेले होते, आणि १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. ज्या कन्येच्या हाती सर्व सोपवावयाचे होते तीच गेली. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय झाले होते. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, अक्षरओळखही लग्नानंतर झाली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढील बहुतेक अध्याय रचिले. त्या १९३६ च्या फेब्रुवारीत गेल्या आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून निघाले. यिर्मयालाही अनाथोथचे शेत कसावयास मिळाल्याचे कोठे लिहिलेले नाही. यरुशलेम पडल्यावर लोकांनी त्याला मिसर देशात नेले. खत ठेविलेले ते मातीचे भांडे पुढे कोणी उघडले, याविषयी शास्त्रात काही सांगितलेले नाही.