घरातील चित्रपटगृह आणि ध्वनी

घरातील एक खोली केवळ चित्रपट पाहण्यासाठी राखून ठेवण्याची प्रथा बंगळूरसारख्या शहरांत आता रूढ होऊ लागली आहे. अशी खोली सिद्ध करताना बहुतेक कुटुंबे प्रथम एस. पी. रोडवरील उपकरणांची दुकाने गाठतात, आणि खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा पाहून खरेदी करतात. घरी आल्यावर मात्र स्फोटाचे आवाज भिंती हादरवितात आणि पात्रांचे संवाद कळत नाहीत. हा दोष यंत्राचाच असतो असे नाही. कानापर्यंत पोहोचणारा ध्वनी यंत्र आणि खोली या दोहोंनी मिळून घडविलेला असतो. यास्तव निवडीचा आरंभ खोलीपासून करावयास हवा.

खोलीचे घुमणे

विजापूरच्या गोलघुमटात उच्चारलेला शब्द अनेकदा परत ऐकू येतो. तेथील भिंती दूर असल्यामुळे प्रतिध्वनी मूळ शब्दापासून वेगळा ओळखता येतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत ध्वनी समोरच्या भिंतीवर आपटून सेकंदाच्या सुमारे तीनशतांश भागात परततो. एवढ्या अल्प अवधीत कानास दोन ध्वनी निराळे वाटत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि शब्द अस्पष्ट होतात.

या घुमण्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी मांडले. १८९५ साली तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द समजेनासे झाले होते. सॅबाइन यांनी नाट्यगृहातील गाद्या आणून तेथे मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा नाद थांबविल्यावर तो आणखी किती वेळ ऐकू येतो, हे मोजले. गाद्या वाढल्या, तसतसा हा काळ घटत गेला. त्यावरून पुढील नियम सिद्ध झाला :

घुमण्याचा काळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

ध्वनीची तीव्रता दशलक्षांशावर येण्यास लागणारा वेळ म्हणजे घुमण्याचा काळ होय. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी खोली घेऊ. तिचे घनफळ ६० घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर भरते. गिलावा व फरशी आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा सुमारे शेकडा ३ भागच शोषतात असे धरले, तर एकूण शोषण २.८ चौरस मीटर होते आणि ध्वनी ३.४ सेकंद घुमतो. चित्रपटाच्या खोलीस ०.४ सेकंद पुरेसे आहेत. त्यासाठी शोषण २४ चौरस मीटरपर्यंत वाढवावे लागेल. जाड गालिचा, चुणीदार पडदे, गादीची आसने आणि कापडाने मढविलेले ग्लासवूलचे तक्ते यांनी हे साधते. हा खर्च प्रथम करावा.

खर्जाचा प्रश्न

पडदे व गालिचे यांचा खर्जाच्या स्वरांवर फारसा परिणाम होत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठराविक स्वरच विशेष बळावतात. त्यांतील सर्वांत खालचा स्वर काढण्यासाठी ध्वनीच्या वेगास लांबीच्या दुपटीने भागावे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला हा वेग सेकंदास सुमारे ३४६ मीटर असतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंच असले, तरी विरळ हवेने त्यात फरक पडत नाही. वेग बदलतो तो तापमानाने. वरील खोलीत लांबीच्या दिशेने सेकंदास सुमारे ३५ कंपनांचा, रुंदीच्या दिशेने ४३ कंपनांचा व उंचीच्या दिशेने ५८ कंपनांचा स्वर बळावेल. लांबी, रुंदी व उंची समान असतील, तर तिन्ही स्वर एकच होऊन खोली त्या स्वरास दणाणून उठेल. म्हणून घनाकृती खोली टाळावी. हा खालचा स्वर भिंतीलगत फार मोठा आणि खोलीच्या मध्यावर अगदी क्षीण ऐकू येतो. तेव्हा आसन मागच्या भिंतीपासून सुमारे एकतृतीयांश अंतरावर असावे.

ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धक

ध्वनिक्षेपक, म्हणजे लाउडस्पीकर, विद्युत्प्रवाहाचे रूपांतर पडद्याच्या कंपनात करतो. त्याची संवेदनशीलता हा वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा होय. १ वॅट दिले असता १ मीटरवर किती डेसिबेल ध्वनी मिळतो, हे त्यावरून कळते. ध्वनी ३ डेसिबेलने वाढविण्यास दुप्पट शक्ती लागते. म्हणून ९० डेसिबेलचा ध्वनिक्षेपक २५ वॅटवर जे काम करतो, त्यासाठी ८४ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकास १०० वॅट लागतात. ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, ध्वनिक्षेपक ठरल्यानंतरच निवडावा आणि तो ध्वनिक्षेपकाच्या रोधास, म्हणजे ओहमच्या आकड्यास, अनुरूप आहे की नाही ते पाहावे.

लहान खोलीस पाच ध्वनिक्षेपक व खर्जासाठी एक सबवूफर पुरे होतात. संवाद बहुतांशी मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. त्यात काटकसर करू नये. पुढचे दोन, श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून दोहों बाजूंस ३० अंशांवर आणि मागचे दोन सुमारे ११० अंशांवर ठेवावेत.

मृदंगाची कसोटी

पारख करण्यासाठी मृदंगाचे चांगले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात. मृदंगाच्या मध्यभागी असलेल्या शाईच्या लेपामुळे ते जवळजवळ तसे येतात आणि नाद सुरेल होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली बंगळूरहून प्रसिद्ध केलेल्या लेखात याचे विवरण केले आहे. ज्या ध्वनिक्षेपकातून हा सूर हरपून नुसता ठोका उरतो, तो संवादांसही न्याय देणार नाही.

शेजाऱ्यांची झोप

तक्ते व पडदे खोलीतील घुमणे कमी करतात. शेजारी जाणारा ध्वनी अडवीत नाहीत. तो अडविण्यास जड भिंत आणि फटी नसलेले दार लागते. भारतातील २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. सामाईक भिंतींच्या इमारतीत मोठा सबवूफर घेण्यापूर्वी याचा विचार अवश्य करावा.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गाची मापे घेऊन रिकाम्या वर्गाच्या घुमण्याचा काळ काढा.
२. रिकाम्या खोलीत आणि गाद्या मांडलेल्या खोलीत टाळी वाजवून फरक नोंदवा.
३. ६ मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेने बळावणारा सर्वांत खालचा स्वर कोणता?