हवामान अंदाज आणि स्वच्छ ऊर्जा : कोल्हापुरातून संशोधनाकडे

कोल्हापुरात पंचगंगा नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत नदीने दोन्ही ओलांडल्या. पाणी किती चढेल हे आधी सांगायचे, तर गगनबावडा-राधानगरीच्या डोंगरात किती पाऊस पडणार हे कळावे लागते.

हवामानाचा अंदाज

अंदाजासाठी वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येकातील वारा, तापमान आणि बाष्प यांची समीकरणे महासंगणकावर सोडवली जातात. गगनबावड्यात मुसळधार पाऊस आणि शंभर किलोमीटरच्या आत शिरोळला बेताचाच. चौकोन मोठा असेल तर हा फरक दिसत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 2025 पासून 6 किलोमीटरच्या चौकोनात अंदाज देते. आधीचा चौकोन 12 किलोमीटरचा होता.

स्वच्छ ऊर्जा

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखला जातो. तापवलेल्या काचेवर क्षारांचे द्रावण फवारले की केसाहूनही कितीतरी पातळ थर बसतो. असे थर सौरघट आणि वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये वापरता येतात. सौर आणि पवन वीज ढगांवर व वाऱ्यावर अवलंबून असल्याने तिच्या नियोजनालाही हवामानाचा अंदाज लागतो.

शिक्षणाचा मार्ग

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. बी.एस्सी. कोल्हापुरातच करता येते, उदाहरणार्थ शिवाजी पेठेतील न्यू कॉलेजमध्ये. बारावीनंतर आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षाही देता येते. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठ, पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग किंवा ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटी असे पर्याय आहेत. पुढे नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा आणि मग पीएच.डी.

पालकांच्या शंका

पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे लागतात. पण त्या काळाचा सगळा खर्च घरावर पडत नाही. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास 2023 पासूनच्या दराने सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. हवामान विभाग, संशोधन संस्था आणि विद्यापीठांत संधी असतात, मात्र कायम जागा मर्यादित आणि स्पर्धा मोठी. म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच पायथॉन ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र शिकावे. संशोधनात ते लागतेच, आणि एम.एस्सी.नंतर थांबायचे ठरले तरी सौरऊर्जा, बॅटरी व माहिती-विश्लेषणाच्या कंपन्यांत उपयोगी पडते.