ड्रममधले न दिसणारे मजूर आणि आपली शाळा



बेणेप्रक्रियेवर या पानात आजवर पुष्कळ लिहिले. आज थोडे शाळेविषयी लिहितो. लागणीच्या हंगामात शाळा कुठून आली, असे कोणी म्हणेल, म्हणून आधी कोहमारा भागात घडलेली गोष्ट सांगतो.

एका सभासदाच्या शेतावर लागण चालू होती. मी पोचलो तेव्हा ड्रममध्ये टिपऱ्या बुडत होत्या. ॲसिटोबॅक्टरची पाकिटे फोडून टाकली होती आणि त्याच पाण्यात धानाच्या फवारणीतून उरलेले कॉपर ऑक्सिक्लोराईडही घातले होते. म्हटले, "भाऊ, हे काय केले?" ते म्हणाले, "दोन वेळा कशाला भिजवा जी? एकातच उरकलं." ड्रम ढवळणारा त्यांचा मुलगा दहावीत. त्याला विचारले, जिवाणू म्हणजे काय? पोराने पुस्तकातली व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मग विचारले, धानाच्या बांधीत कॉपर कशासाठी मारता? "कडा करप्यासाठी." कडा करपा कशाने होतो? तो थांबला, ड्रमकडे पाहिले आणि काठी बाजूला ठेवली.

कडा करपा जिवाणूंमुळेच होतो. ज्या औषधाने आपण जिवाणू मारतो तेच औषध, पैसे देऊन आणलेल्या जिवाणूंच्या डोक्यावर ओतले होते. पाकिटांचे पैसे तर गेलेच. शिवाय जिवाणू लावले म्हणून युरिया कमी टाकला असता, तर उसाची उपासमार झाली असती ती वेगळी.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची' असा पूर्ण धडा आहे, नववीतही उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीवांचा धडा आहे. पण धडा वहीत राहतो आणि ड्रम शेतात. माझेही तेच झाले. कृषी पदविका घेताना रायझोबियमची आकृती मी परीक्षेत सुबक काढली, मार्कही पडले. जिवाणू डोळ्यांनी पाहिला तो नोकरीला लागल्यावर, तोही एका केमिस्ट साहेबांच्या कृपेने. ज्या गुरुजींनी स्वतः कधी पाहिलाच नाही, ते पोरांना काय दाखवणार?

या शास्त्राचा जन्म साखरेच्याच वासात झाला आहे. १८५६ साली फ्रान्समधील लील गावी बिगो नावाचे कारखानदार बीटच्या रसापासून मद्यार्क काढीत. रस आंबताना बिघडू लागला, माल आंबट होऊ लागला. त्यांचा मुलगा कॉलेजात लुई पाश्चर यांच्याकडे शिकत होता, म्हणून बाप मास्तरांकडे गेला. पाश्चर कारखान्यात जाऊ लागले, नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरू लागले. चांगल्या रसात यीस्टच्या गोल पेशी दिसत, बिघडलेल्यात लांबट आकार. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, दूध आंबण्यामागेही सूक्ष्मजीवच असतात हे त्यांनी मांडले. मुलगा विद्यार्थी, बाप कारखानदार आणि मास्तर कारखान्याच्या दारात, असा तो योग होता. आपल्याकडे विद्यार्थी आहेत, कारखाना आहे. मास्तरांना दारात आणायचे राहिले आहे.

आता आपला ऊस. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असे आम्ही सारखे का म्हणतो? केवळ वजन घटते म्हणून नव्हे. कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आत शिरतो आणि साखरेचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट बुळबुळीत पदार्थ करतो. रस घट्ट होतो, गाळण मंदावते, उतारा घसरतो. (हाच डेक्स्ट्रान शुद्ध करून दवाखान्यात रक्तद्रवाच्या जागी सलाईनसारखा देतात. म्हणजे जिवाणू वाईट नाही, जागा चुकली.) उलट ॲसिटोबॅक्टर उसाच्या पोटात राहून हवेतला नत्र उसाला देतो. तो १९८८ साली ब्राझीलमध्ये उसातच सापडला, कॅव्हलकांटी व योहाना डोबेराइनर या बाईंना. म्हणून रीत लक्षात ठेवा. बुरशीनाशकाची व कीटकनाशकाची प्रक्रिया आधी, वेगळ्या ड्रममध्ये. टिपऱ्या निथळल्या की दुसऱ्या ड्रममध्ये १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू घालून ३० मिनिटे बुडवा आणि लगेच लागण करा. पाकिटे उन्हात ठेवू नका, ती जिवंत आहेत.

शाळेत सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी असतेच. फुलावर येण्याआधी एक झाड ओढून न काढता ढेकळासकट खणा आणि पाण्यात धुवा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर रायझोबियम कामावर आहे, पांढरी वा हिरवट असेल तर नाही. हे चौथीच्या पोरालाही कळते.

मोठ्या वर्गाने बोडीतला चिखल घ्यावा, त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, थोडी खडूची पूड आणि अंड्याचा पिवळा बलक कालवावा. हे काचेच्या बरणीत भरून वर बोडीचेच पाणी ओतावे, थोडी जागा रिकामी सोडून झाकण लावावे आणि बरणी उजेडाच्या खिडकीत ठेवावी. महिना-दोन महिन्यांत काळे, हिरवे, जांभळट थर दिसू लागतात. विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाची ही युक्ती. बरणी उघडू नये, वर्ग रिकामा होईल असा वास येतो.

सूक्ष्मदर्शक नसेल तर मनु प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक पाहावा. तो १४० पटीने मोठे दाखवतो. बोडीच्या पाण्यातले हलते जीव त्यात छान दिसतात. जिवाणू मात्र नीट पाहायचे तर हजार पटीचे भिंग हवे. कॉलेजात जाणाऱ्यांना पुढची वाटही आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञान शिकवतात आणि तिथेच उसासाठी जिवाणू खतेही तयार होतात.

संचालक मंडळापुढे मी एक टिपण ठेवत आहे. गळीत हंगामात महिन्यातील एका शनिवारी भागातील विज्ञान शिक्षकांना आपल्या प्रयोगशाळेत बोलवावे. ताजा रस व शिळा रस शेजारी शेजारी दाखवावा. आधी शिक्षक, मग पोरे. मंडळ काय ठरवील ते ठरवील. पण तुमच्यापैकी बरेच जण शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पुढच्या बैठकीत हेडमास्तरांना एवढेच विचारा, की शाळेच्या कपाटात सूक्ष्मदर्शक आहे का, आणि असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे. उत्तर गट ऑफिसात लिहून द्या, शाळेच्या नावासह. टिपणाला ती यादी जोडायची आहे.

— ऊस विकास अधिकारी