मोबाईलविषयीची तीन लोकमते : एक चिकित्सा

कोणत्याही काळाचे तत्त्वज्ञान केवळ ग्रंथांत नसते, ते लोकांच्या बोलण्यातही असते. आपल्या परभणी जिल्ह्यात बसस्थानकावर, चहाच्या टपरीवर वा लग्नाच्या मांडवात मोबाईलचा विषय निघाला की तीन वाक्ये हमखास कानी पडतात. "फुकट आहे, आपलं काय जातं?", "मोबाईलनं पोरं बिघडली" आणि "ग्रुपवर आलंय म्हणजे काहीतरी असंलच की!" ही वाक्ये मी घरी ऐकली, गावी ऐकली आणि वसतिगृहातही ऐकली. ती कितपत खरी आहेत हे तपासून पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रथम 'फुकट' या शब्दाचा विचार करू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आपली सेवा सुरू केली आणि पहिले काही महिने इंटरनेट मोफत दिले. खेड्यापाड्यांतील कितीतरी लोकांच्या हाती इंटरनेट आले ते या सुमारास. पुढे सवय लागली आणि दरही वाढले. जुलै २०२४ मध्ये प्रमुख कंपन्यांनी आपले दर एकदमच वाढवले. पण डेटाचे पैसे निदान आपल्याला दिसतात. फेसबुक, इन्स्टाग्राम यांचे मोल दिसतच नाही. या दोन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यांपैकी जवळजवळ १३२ अब्ज डॉलर केवळ जाहिरातींचे होते. आपल्याकडून दमडी न घेता एवढा पैसा येतो कोठून?

याचे उत्तर मोंढ्यात उभे राहिल्यास चटकन कळेल. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, आडत्या व्यवहार जुळवतो, खरेदीदार पैसे मोजतो. येथे खरेदीदार म्हणजे जाहिरातदार, आडत्या म्हणजे कंपनी; आणि माल? माल म्हणजे आपले लक्ष, आपला वेळ. मोंढ्यातल्या शेतकऱ्याला निदान काटा दिसतो आणि मालाची पट्टी हाती पडते. येथे काटाही कंपनीचा आणि पट्टीही तिच्याच घरी. फुकटाच्या मागचे हे गणित आपल्या देशाने एकदा ओळखलेही होते. ठरावीक संकेतस्थळेच मोफत दाखवणाऱ्या 'फ्री बेसिक्स' या योजनेचा फेसबुकने २०१५ च्या अखेरीस मोठा प्रचार केला. परंतु दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि ती योजना भारतात गुंडाळावी लागली. मोफत मिळणारी प्रत्येक वस्तू स्वीकारलीच पाहिजे असे नाही, हा त्या निर्णयाचा धडा आहे.

दुसरे मत पोरे बिघडल्याचे. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु दोष केवळ पोरांचा आहे काय? कीर्तनाच्या शेवटी आरती असते, मैफलीला भैरवी असते, वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. मोबाईलच्या पडद्याला मात्र तळ नाही. बोट सरकवावे तसतसा नवा मजकूर येतच राहतो. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने रचली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याविषयी जाहीर खंत व्यक्त केली. थांबण्याची जागाच काढून टाकल्यावर थांबणे कठीण जाते, मग तो दहा वर्षांचा मुलगा असो की पन्नाशीचा बाप.

या बाबतीत महाराष्ट्रातील दोन गावांची तुलना उद्बोधक ठरेल. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास घराघरांतले मोबाईल व टीव्ही बंद व्हायचे. मुलांनी अभ्यासाला बसायचे. दोन्ही गावांची कळकळ सारखीच. तरीही मला वडगावची रीत अधिक शहाणपणाची वाटते. बंदी पोरांना सांगते, 'तू ठेव.' भोंगा साऱ्या गावाला सांगतो, 'आपण सारेच ठेवू.' सवय घराची असेल तर उपायही घरानेच करावयास हवा.

तिसरे मत सर्वांत घातक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा आली, पण पाच जीव गेल्यावर.

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी देणारा कोण आणि ती कोणाच्या हुकमाने, हे सर्वांना ठाऊक असे. पुढे ढकललेल्या संदेशाला असा धनी नसतो. शिवाय २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाच, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाहीत. खाजगीपणाच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. परंतु याचाच अर्थ असा, की खरेखोटे करणारा कोणी मध्ये बसलेला नाही. ते काम ज्याच्या हाती मोबाईल आहे त्याचेच.

या साऱ्यावरून मोबाईल फेकून द्यावा असा निष्कर्ष मी काढत नाही. आपल्या कृषी विद्यापीठाचा हवामानाधारित सल्ला बांधावरच्या शेतकऱ्याला याच यंत्रातून मिळतो आणि गावाकडच्या मुलीला स्पर्धा परीक्षेची व्याख्यानेही यातूनच ऐकता येतात. प्रश्न यंत्राचा नसून धनीपणाचा आहे. आपल्यापैकी अनेकांची फी कापूस विकून भरलेली असते. त्या पैशाने विकत घेतलेली ही तीन वर्षे आपण पुन्हा दुसऱ्या कोणाला फुकटात विकावीत काय?

म्हणून एक सूचना करतो. आपल्या वसतिगृहाने रोज रात्रीचा एक तास वडगावच्या भोंग्यासारखा पाळून पाहावा. त्यासाठी भोंग्याची गरज नाही, साधी घंटा पुरे. मात्र आपल्या प्राध्यापकांनीही तो तास आपापल्या घरी पाळावा, एवढीच नम्र विनंती आहे.