विजेच्या तारा आणि मुलांचा कर्करोग

गेल्या सत्रांत एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्यांनीं पसंत केलेल्या घरामागून उच्च दाबाच्या तारा लोखंडी मनोऱ्यांवरून गेल्या होत्या. घर सोईचें, भाडेंहि बेताचें; परंतु अशा तारांजवळ राहणाऱ्या मुलांस रक्ताचा कर्करोग होतो असें कोणीं सांगितल्यावरून घरांतील मंडळी तेथें जाण्यास राजी होईनात. शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. म्हणून तिची हकीकत आम्ही येथें देत आहों.

तिचा उगम अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं झाला. नॅन्सी वर्थायमर या विदुषी कर्करोगानें दगावलेल्या मुलांचे पत्ते घेऊन गल्लोगल्लीं हिंडल्या. तेव्हां त्या घरांजवळ जाड तारा व खांबांवरील ट्रान्सफॉर्मर त्यांस वारंवार आढळले. १९७९ सालीं एड लीपर यांच्यासह त्यांनीं निबंध प्रसिद्ध केला. अधिक प्रवाहाच्या तारांजवळील मुलांत हा रोग दोन-तीन पटींनीं अधिक दिसतो, असें त्यांत म्हटलें होतें. मात्र घरांतील चुंबकीय क्षेत्र त्यांनीं मोजिलें नव्हतें. तारांची जाडी व अंतर पाहूनच अंदाज बांधिला होता. शिवाय कोणतें घर रोगी मुलाचें, हें पाहणाऱ्यांस आधींच ठाऊक होतें.

तारेंतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे तिच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. हें क्षेत्र भिंतींतून आरपार जातें. पण अंतर वाढतांच झपाट्यानें क्षीण होतें. क्ष-किरणांप्रमाणें पेशींतील रासायनिक बंध तोडण्याइतकी शक्ति त्याच्या ठायीं नाहीं. तें मायक्रोटेस्ला या मापानें मोजितात. पृथ्वीचें स्वतःचें क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतें. परंतु तें स्थिर असतें, आणि आपल्या तारांचें सेकंदास ५० वेळां फेर घेतें. तेव्हां या तुलनेवर फार भार देऊं नये.

पुढें १९९७ सालीं अमेरिकेंत ६३८ रोगी व ६२० निरोगी मुलांची घरें तपासलीं, तेव्हां तारांच्या मांडणीशीं रोगाचा संबंध दिसला नाहीं. २००० सालीं नऊ अभ्यासांचे आंकडे एकत्र केले असतां असें आढळलें कीं, घरांतील सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाहून कमी असल्यास धोका वाढत नाहीं; त्याहून अधिक असल्यास मात्र रोग सुमारें दुप्पट दिसतो. अशा घरांत शेंकडा एकाहूनहि कमी मुलें राहत होतीं. या आधारावर २००२ सालीं कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें या क्षेत्रास ‘कदाचित् कर्करोगकारक’ म्हटलें. याच वर्गांत आशियांतील पारंपरिक पद्धतीनें मुरविलेल्या कांहीं भाज्याहि आहेत!

दुप्पट हा शब्द कानीं पडतांच छातींत धस्स होतें. पण कशाच्या दुप्पट? पाश्चात्य देशांत हा रोग दरसाल लाखांत चार-पांच मुलांस होतो. दुप्पट धरिला तरी आठ-दहा.

आम्हांस सर्वांत बोधक वाटते ती इंग्लंडची हकीकत. जन्मसमयीं तारांपासून २०० मीटरच्या आंत राहिलेल्या मुलांत हा रोग शेंकडा ६९ नें अधिक, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु २०० ते ६०० मीटरांवरहि थोडी वाढ दिसली; आणि इतक्या दूर तारांचें क्षेत्र घरांतल्या विजेच्या क्षेत्राहूनहि कमी पडतें! २०१४ सालीं त्याच संशोधकांनीं पुढील वर्षांचे आंकडे जोडिले, तेव्हां १९८० नंतरच्या काळांत ती वाढ उरलीच नाहीं. तारा त्याच, क्षेत्रहि तेंच. मग परिणाम तेवढा कसा ओसरला? तारांशेजारीं पूर्वीं कोणत्या स्थितींतील कुटुंबें राहत, यांत कारण दडलें असावें, असा तर्क आहे.

आम्हीं त्या गृहस्थांस हें सर्व सांगितलें. शिवाय मनोऱ्यापासून नियमाप्रमाणें अंतर सोडलें आहे काय, तें पाहावयास सांगितलें. मुलाचा ताप हटेना, अंग पांढुरकें दिसूं लागलें, विनाकारण काळेनिळे डाग उठूं लागले, तर घर कोठेंहि असो, वैद्यास दाखवावें. या रोगाचा मुलांतील नेहमींचा प्रकार वेळेवर उपचार झाल्यास बहुधा बरा होतो. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा रुग्णालयांत असे उपचार होतात.

तारांचें निश्चित भय निराळेंच आहे. संक्रांतींत तारेंत अडकलेला पतंग काठीनें किंवा सळईनें ओढूं पाहणाऱ्या मुलास आंकडेमोडीची वाट पाहावी लागत नाहीं. त्या गृहस्थांनीं घर घेतलें, आणि गच्चीच्या दारास कुलूप लाविलें.