जुन्या पेट्रोल जीपची घरगुती दुरुस्ती : एका ब्लॉकच्या निमित्ताने

मध्यम आकाराच्या साध्या गाडीत आठ सिलिंडरचे मोठे इंजिन बसवून वेग साधणाऱ्या गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हटले जाते. १९६४ मध्ये आलेली, सुमारे ६.४ लिटर इंजिनाची पॉन्टियाक जीटीओ हे तिचे ठळक उदाहरण होय. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर आलेल्या बंधनांमुळे अशा गाड्या भारतात अपवादानेच पोहोचल्या आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात अमेरिकी वंशाचे जुने वाहन म्हटले की विलीज जीपच डोळ्यांपुढे येते. महिंद्र उद्योगाने १९४७ पासून विलीज जीपची जोडणी भारतात सुरू केली आणि पुढे परवान्याखाली ‘सीजे-३बी’ हे उंच बॉनेटचे मॉडेल दीर्घकाळ बनवले. सरकारी कार्यालये आणि साखर कारखाने यांच्या वापरातून पुढे खासगी मालकांकडे आलेल्या अशा जीपा तुळजापूर, उमरगा, कळंब या भागांत शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजही आढळतात. त्यांची दुरुस्ती होईल तितकी घरच्या अंगणातच करावी, अशी या लेखनाची भूमिका आहे आणि तिच्यामागे एक कटू प्रकरण आहे.

ते प्रकरण समजण्यासाठी या जीपच्या इंजिनाची रचना ध्यानात घ्यावी लागते. ‘हरिकेन’ नावाच्या या २.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व वरच्या हेडमध्ये, तर जळलेला धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व खालच्या ब्लॉकमध्ये असतात. या मांडणीला ‘एफ-हेड’ म्हणतात आणि तिच्यामुळे इंजिनाची उंची वाढल्यानेच बॉनेट उंच करावे लागले. ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर कोरलेले असतात तो बिडाचा मुख्य ठोकळा. त्याच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळ, इंजिन क्रमांक ठोकलेला असतो. सिलिंडर झिजून इंजिन ऑईल जाळू लागले, म्हणजे ते बोअर करून, अर्थात यंत्रावर किंचित मोठे कोरून, त्या मापाचे पिस्टन घालावे लागतात आणि हे एक काम मात्र घरी होत नाही.

याच कामासाठी प्रस्तुत लेखकाची जीप जिल्ह्याबाहेरच्या एका गॅरेजकडे सोपवण्यात आली होती. सोपवताना सुट्या भागांची यादी करून तिच्यावर गॅरेजमालकाची सही घेतलेली होती आणि इंजिन क्रमांकावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून त्याचा ठसाही घेतलेला होता. हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, पुढे जे घडले त्याची हकिकत ऐकून “मालकाने आधीच लक्ष द्यायला हवे होते” असा शेरा अनेकांनी मारला आणि तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. कामाला विलंब होत गेला. प्रत्येक भेटीत चहा, गोड बोलणे आणि पुढचा वायदा मिळत गेला. अखेर इंजिन चालू करून दाखवण्यात आले, तेव्हा त्याचा आवाज चांगला होता आणि धूरही नव्हता; परंतु पैसे देण्यापूर्वी क्रमांकाचा पुन्हा ठसा घेण्यासाठी कागद लावला असता पेन्सिल एकसारखी सपाट फिरत राहिली. त्या जागेवरचे अंक ग्राइंडरने घासून काढलेले होते आणि वरून ताजा रंग मारलेला होता. म्हणजे तो ब्लॉकच दुसरा होता.

विचारणा होताच गॅरेजमालक जराही न गडबडता म्हणाला, “मालक, तुमचा ब्लॉक चिरला होता की. दुसरा घातला, तुमचंच भलं केलं. लोखंड ते लोखंड, काय फरक पडतोय?” चिरलेला ब्लॉक दाखवा म्हटल्यावर तो भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली, दोन फळ्यांवर, धुऊन पुसून ठेवलेला होता आणि गंज चढू नये म्हणून त्याच्या चारही सिलिंडरांना आतून ग्रीस चोपडलेले होते. भंगारात घालायच्या लोखंडाला कोणी ग्रीस लावत नाही. मूळ क्रमांकाच्या ब्लॉकसाठी जुन्या जीपांचे शौकीन चांगली किंमत मोजतात, हे त्या गृहस्थाला मालकापेक्षा अधिक ठाऊक होते. सहीची यादी आणि आधीचा ठसा पुढे केल्यावर बराच आवाज चढला, चार माणसे जमली आणि मग ब्लॉक परत मिळाला; पुढे दुसरीकडे पाण्याचा दाब देऊन तपासला असता त्यात कोठेही चीर आढळली नाही. क्षमायाचनेचा एक शब्दही त्या दिवशी किंवा त्यानंतर उच्चारला गेला नाही, आणि हे विसरण्याजोगे नाही.

“काय फरक पडतो” या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात केलेला बदल, इंजिन बदलणे धरून, परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने व्हावा लागतो आणि नोंदणी पुस्तिकेत चढावा लागतो. अंक घासलेले इंजिन असेल तर फेरनोंदणीच्या वेळी मालकच संशयाच्या पिंजऱ्यात उभा राहतो. शिवाय २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांसाठी तरतूद झाली असून, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. मात्र सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. या नोंदणीनंतर वाहन रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

त्यामुळे गॅरेजकडे अख्खी जीप कधीही सोपवू नये. इंजिन घरी उतरवावे, हेड आणि ब्लॉक वेगळे करावेत, केवळ ब्लॉक बोअरिंगच्या कारखान्यात न्यावा, क्रमांकाखेरीज आणखी एका आतल्या जागी पंचने स्वतःची खूण करावी आणि काम चालू असताना तेथेच बसून राहावे. निघालेला प्रत्येक भाग, निकामी असला तरी, घरी आणावा. कारण मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर यांसारखे भाग पुन्हा सहजी मिळत नाहीत. पक्की पावती घ्यावी, तोंडी हिशेब मानू नये आणि कोणाच्याही गोड बोलण्याला भुलू नये.

जोडणी घरी करताना व्हॉल्वची फट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला उचलणारा भाग यांच्यातील अंतर, थंड इंजिनावर आत घेणाऱ्या व्हॉल्वला १८ थाऊ आणि धुराच्या व्हॉल्वला १६ थाऊ ठेवावी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. जॅक लावताना एक धोका फारसा कोणी सांगत नाही : या जीपचा हँडब्रेक चाकांवर काम करत नसून गिअरपेटीमागे प्रोपेलर शाफ्टवर काम करतो, म्हणून मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते, हँडब्रेक ओढलेला असूनही जीप सरकते आणि जॅकवरून खाली येऊ शकते. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्याखेरीज खाली शिरू नये. काही जुन्या जीपांत डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावला की स्टड तुटतो.

पेट्रोलचा प्रश्न या ऊसपट्ट्याला विशेष जवळचा आहे. उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ऊस-उत्पादकाच्या दृष्टीने ते इष्ट असले तरी जुन्या रबरी नळ्या आणि जीपच्या इंधन-पंपाचा पडदा त्याने फुगतो व चिरतो, आणि इथेनॉल पाणी ओढून घेत असल्याने पावसाळाभर उभ्या जीपच्या टाकीत पाणी तळाला साचून गंज धरतो. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत आणि जीप दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकते व इंजिन बंद पडते. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून थांबावे, स्टार्टर मारत राहू नये. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी घालू नये. ते क्षारयुक्त असल्याने आत थर साचतो. शुद्ध पाणी आणि कूलंट वापरावे.

ब्रेकची बाब मात्र पुढे ढकलण्याची नाही. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून तेल जाते, त्यामुळे एका चाकाची रबरी वाटी गळाली तरी चारही ब्रेक एकदम जातात. तुळजापूरच्या घाटात उतरण्यापूर्वी चारही ड्रम उघडून वाट्या पाहाव्यात, तेलाची पातळी तपासावी आणि उतार लागण्याआधीच गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी.